मारकी आणि शिशाची भट्टी

मारकीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. कपाळ फुटलं होतं, रक्त भुवईवरून गालावर आणि गालावरून फ्रॉकवर ओघळत होतं, आणि ती रडत नव्हती. तिच्या मागोमाग एका बाईनं आपला मुलगा आणला. त्याचा कान चावलेला. तो मात्र अख्खा दवाखाना डोक्यावर घेत होता. दोघांना मी एकाच बाकावर बसवायला नको होतं. कापूस घ्यायला वळले तेवढ्यात तिनं त्याच्या दुसऱ्या कानाकडे मोर्चा वळवला.

"अगं, आधी तुझं कपाळ तर शिवू दे," मी ओरडले.

"शिवा की तुम्ही. तोंड माझं मोकळंच आहे."

मी वस्तीतल्या दवाखान्यात ड्रेसिंग करते. सगळे मला सिस्टर म्हणतात, माझ्या घरचेसुद्धा. माणसं मला चेहऱ्यापेक्षा जखमांवरून जास्त लक्षात राहतात, आणि या मुलीनं तर लक्षात राहण्याचा चंगच बांधला होता. सुजलेली बोटं, सोललेले गुडघे, एकदा दाताचा तुकडा स्वतःच्याच मुठीत रुतलेला, दात दुसऱ्याचा. तिला मारकी हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ते गुरावरून ठेवलं होतं आणि तिला ते आवडायचं. पुढे शाळेतल्या कवायतीच्या सरांनी तिच्या बोटांवर पट्टी मारली, तिनं पट्टी हिसकावून सरांना मारली, आणि शिक्षण संपलं. मग ती मामाच्या पंक्चरच्या दुकानात लागली. ट्रकचा टायर एकटी उतरवायची. मनगटं अशी, की नाडी बघायला मला बोट रुतवावं लागायचं.

काही जखमा मात्र ती कशा झाल्या ते सांगायची नाही. त्या घरच्या असायच्या.

घर म्हणजे एक खोली, मागे पडदा लावून केलेली मोरी, आणि पत्र्याचं दार. दाराला आतून पोचे होते, बाबाच्या मुठीचे. बाबा भट्टीवर कामाला होता. भट्टी म्हणजे आमच्या शाळेच्या भिंतीला लागून असलेलं आवार. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या तिथं ट्रकनं यायच्या. बाबासारखी माणसं त्या घणानं फोडायची, आतलं ॲसिड गटारात ओतायची, शिशाच्या प्लेटा ओढून काढायची आणि भट्टीत टाकायची. शिसं वितळलं की साच्यात ओतून त्याच्या विटा. धूर शाळेवर, पूड अंगावर. माणसं संध्याकाळी राखाडी होऊन घरी यायची, भुवयांपासून बुटांपर्यंत, आणि तशीच जेवायला बसायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बेकरीवाला पांढरा होऊन येतो, कोळसेवाला काळा होऊन येतो, तसे हे.

बाबाचा हात चालायचा तो कारणाशिवाय. चहा गरम, चहा गार. आई एका कचेरीत फरशी पुसायच्या कामाला होती. ती मार खायची आणि दुसऱ्या दिवशी लांब बाह्यांचा ब्लाउज घालून कामाला जायची. मारकी मार खायची आणि दुसऱ्या दिवशी बाहेर कुणाला तरी परत करायची. धाकटी छकुली तेवढी मारातून सुटली होती. बाबानं तिच्यावर कधी बोट उगारलं नाही. घरी आला की तिला मांडीवर घ्यायचा, तसाच, राखाडी, आणि ती त्याच्या शर्टाच्या गुंड्या चघळत बसायची.

छकुली पाच वर्षांची असताना तिला पहिली फीट आली. मारकी तिला खांद्यावर टाकून दुकानातून धावत आली. पोरीचे डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, आणि मारकी तिच्या जबड्यात स्वतःची बोटं घालून ते उघडायला बघत होती. बोटं हाडापर्यंत फाटली तरी काढेना. शेवटी मी तिच्या कानाखाली वाजवली, तेव्हा सोडली.

आमच्याकडे त्या वर्षी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी छकुलीच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, बाप काय करतो विचारलं, आणि रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं, ठासून भरलेलं. मग त्यांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. बाबा आला नाही. आईच्या रक्तात निघालं, मारकीच्याही निघालं.

"शिसं मेंदूत जातं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोरांना फिट्स येतात, शिकलेलं डोक्यात राहत नाही. मोठ्यांची पोटं दुखतात, हात लुळे पडतात. माणूस चिडका होतो."

मारकीनं मान वर केली. "बाबा मारतो तो शिशामुळं?"

"सगळं तसं नाही म्हणता येणार. थोडं असेल."

"थोडं म्हणजे किती? कुठला मार शिशाचा आणि कुठला त्याचा, हे रक्तात दिसतं का?"

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टाचे कागद गोळा केले. मारकीनं बँडेज केलेल्या बोटांकडे पाहिलं. "आणि माझा?" असं म्हणाली आणि उठून गेली.

ती थेट भट्टीवर गेली. मालकाची गाडी फाटकात उभी होती. मारकीनं फोडायच्या बॅटऱ्यांजवळचा घण उचलला आणि गाडीच्या चारी काचा खाली आणल्या. पाचवा घाव टपावर बसायच्या आत भट्टीवरचा दाढीवाला तिच्यावर पडला. हा मालकाचा माणूस, कामगारांवर देखरेख ठेवायचा आणि लागेल तसं तुडवायचाही. त्यानं तिला केसांना धरून फाटकाबाहेर ओढलं, आणि रस्त्यात, दिवसाढवळ्या, बुटांनी तुडवलं. बरगड्या गेल्या दोन. बाबा आत घण घेऊन उभा होता. पुढे आला नाही.

बरगड्यांना पट्टा बांधताना डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "काचा फोडल्यास. छकुलीच्या रक्तातलं कमी झालं का?"

"मला बरं वाटलं."

"ठीक. बरं वाटून झालं असेल तर शिंप्याच्या माडीवर जा. तिथं तुझ्याच वयाची पोरं जमतात. त्यांना तुझ्यासारखं माणूस हवंच आहे."

ती पोरं म्हणजे आठ-दहा कार्टी. कुणी कॉलेजात, कुणी कामाला. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांवर बसून त्यांच्या सभा चालायच्या. त्यांनी आधी झाडं लावली होती, ती भट्टीच्या धुरानं करपली. मग त्यांनी करपलेली पानं शाळेत नेऊन मुलांना दाखवली, आणि तिथून त्यांचं हे काम सुरू झालं. म्होरक्या होता चष्मिस. छापखान्यात कामाला, काडीसारखा, बोलताना चष्मा सारखा वर सारायचा. मारकी गेली ती भांडायलाच.

"तुम्ही करता काय, भाषणं?"

"घरोघर जातो," चष्मिस म्हणाला. "कोरडं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पोरांचे हात खाण्याआधी धुवा. कामाचे कपडे घरात आणू नका."

"आणि भट्टी?"

"भट्टी शाळेजवळून हलवायचीय. पण लोक मागतील तेव्हा हलेल. आधी लोकांना दिसायला पाहिजे. शिसं दिसत नाही, हीच पंचाईत आहे."

"मी मालकाला दाखवते की."

"तू दाखवलंस. त्यानं नवी गाडी घेतली."

बाकीचे हसले. मारकीनं त्याची कॉलर धरली. चष्मिस हलला नाही. म्हणाला, "मारायचं तर मार, पण चष्मा काढून ठेवू दे. दुसरा नाहीये." तिनं कॉलर सोडली. पुढे मला सांगताना म्हणाली, "सिस्टर, इतका किडकिडीत माणूस, आणि घाबरला नाही. मला काय करावं तेच सुचेना."

शिसं दिसत नाही, हे तिच्या डोक्यात घोळत राहिलं. मामाच्या शेजारी सुताराचं दुकान होतं. लाकडावर दोरी मारून रेघ उमटवायला सुतार निळी पूड वापरतो. एका सकाळी बाबा कामाला निघायच्या आधी तिनं त्याच्या कामाच्या शर्टाला ती पूड आतबाहेर चोळली. राखाडी शर्टावर ती लक्षातही आली नाही. संध्याकाळी तिनं चष्मिसला, डॉक्टरीणबाईंना आणि मला घरी बोलावलं. आम्ही मोरीच्या पडद्याशी अवघडून उभे.

बाबा आला, पाहुणे बघून भुवई चढवली, पण छकुली धावत आली म्हणून तिला घेऊन बसला. थोड्या वेळानं मारकीनं दिवा लावला.

छकुलीचे गाल निळे होते. ओठ निळे, जीभ निळी. आईचे हात निळे, कारण तिनं त्याच्या शर्टावरची धूळ झटकली होती. ताटाची कड निळी, अंथरुणाचं टोक निळं, पाण्याच्या पेल्यावर निळी बोटं.

"हे काय आहे?" बाबा म्हणाला.

"हे तुम्ही रोज घरी आणता," मारकी म्हणाली. "आज रंग लावला, एवढंच."

त्यानं छकुलीला खाली ठेवलं. मग उठून मारकीच्या तोंडावर ठोसा मारला. तिचा पुढचा दात माझ्या पायाशी येऊन पडला. चष्मिस मधे शिरला, त्याला बाबानं भिंतीवर फेकला. दुसरा ठोसा उगारला, तेवढ्यात छकुली त्याच्या पायाला बिलगली आणि त्याच्या विजारीवर निळ्या तोंडाची निळी खूण उमटली. बाबा त्या खुणेकडे बघत राहिला. हात तसाच वर. मग तो खाली बसला आणि पोरीचं तोंड स्वतःच्या बाहीनं पुसू लागला. जितकं पुसेल तितकं निळं.

"बाहीनं नको," आई म्हणाली. तिनं ओलं फडकं आणलं. "सोडा. पुसायचं काम मला येतं."

दुसऱ्या दिवसापासून बाबा भट्टीबाहेरच्या नळावर अंग धुऊन, कपडे बदलून घरी येऊ लागला. मारायचं थांबलं नाही, कमी झालं. पण निळ्या पुडीची गोष्ट वस्तीभर झाली. बायका स्वतःहून चष्मिसला बोलावू लागल्या: आमच्याकडे करा, आमच्या ह्यांच्या शर्टाला लावा. सुताराकडची पूड संपली. पोरं जोडीजोडीनं फिरायची. शाळेत मुलांनी वस्तीचा नकाशा काढून निळ्या घरांवर ठिपके दिले, आणि ठिपके भट्टीकडे दाट होत गेले. मारकी शिकवायला चांगली निघाली, यावर माझा विश्वास बसेना. पाल्हाळ लावायची नाही. पोरांना म्हणायची, "ॲसिड उडालं तर काय करायचं? चोळायचं? चोळलंत तर मी येऊन फोडीन. पाणी ओतायचं. ओतत राहायचं. डॉक्टर येईपर्यंत ओतत राहायचं." पोरं खिदळायची आणि पाठ करायची.

नळावर माणसांची रांग लागायला लागली, तसा मालकानं नळ तोडला. त्या रागानं माणसं कामावर मुद्दाम उशिरा यायला लागली. मालकानं दोघांना काढलं. बायका शाळेच्या फाटकात बसल्या, भट्टी हलवा म्हणून. शिंप्याच्या माडीच्या काचा फुटल्या. डॉक्टरीणबाईंच्या स्कूटरचे ब्रेक कुणीतरी कापले, त्या वळणावर घसरल्या आणि त्यांच्या कोपराला टाके मी घातले. त्या म्हणत होत्या, "सिस्टर, हात हलका ठेवा."

मग शाळेतलं प्रदर्शन आलं. मुलांची चित्रं, नकाशा, तक्ते, अंगणात टेबलं मांडलेली. दुपारची वेळ, आया जमलेल्या. चष्मिस नकाशासमोर उभा राहून बोलत होता. दाढीवाला फाटकातून शांतपणे आला, हातात पत्र्याचा डबा. कुणाला वाटलं पाणी आणलंय. तो चष्मिसपासून दोन हातांवर थांबला, म्हणाला, "तुला लांबचं दिसतं ना फार?" आणि डबा त्याच्या तोंडावर रिकामा केला.

तसा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. आजवर विसरलेही नाही. चष्मिस तोंड धरून गुडघ्यावर आला आणि हात चेहऱ्यावर घासू लागला. आया पोरांना घेऊन पळाल्या, टेबलं उलटली. मारकीनं दाढीवाल्याकडे पाहिलं. तो फाटकाकडे पळत होता आणि तिच्या आवाक्यात होता. तिनं त्याला जाऊ दिलं. चष्मिसचे दोन्ही हात मागे पिळून धरले आणि त्याला ओढत अंगणातल्या पाण्याच्या टाकीशी नेलं. टाकीची तोटी पूर्ण सोडून त्याचं तोंड तिच्याखाली दाबलं. तो लाथा झाडत होता, गुदमरत होता, तिला बोचकारत होता. तिनं मानेवर गुडघा ठेवला. "चोळू नको! डोळे उघड! उघड म्हणते ना, मुस्काट फोडीन!" बोटांनी त्याच्या पापण्या फाकवून धरल्या, पाणी सरळ डोळ्यात. तिच्या स्वतःच्या हातांची सालं निघत होती. मी पोचले तरी तिनं सोडलं नाही. मी तिच्या शेजारी बसून मोठ्या हॉस्पिटलची गाडी येईपर्यंत तोटी धरून ठेवली.

उजवा डोळा गेला. डावा वाचला. तिथले डॉक्टर म्हणाले, पाण्यानं वाचला.

गाडी गेली आणि मारकी उठली. मी तिचा हात धरला. भाजलेल्या हातावर धरला तरी तिला कळलं नाही. "बस, मलम लावते," मी म्हणाले. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली.

भट्टीवर ती एकटी गेली नाही. निम्मी वस्ती तिच्या मागून गेली, मीही गेले. फाटक पडलं. मालक मागच्या भिंतीवरून पळाला. कुणीतरी ऑफिसची कपाटं बाहेर फेकली, कुणी ट्रकचे टायर फाडले. दाढीवाला फोडलेल्या बॅटऱ्यांच्या ढिगाआड लपला होता, त्याला पोरांनीच ओढून काढला. मारकीनं त्याला पाडलं, त्याच्या उजव्या हातावर पाय ठेवला आणि घण उचलला.

"याच हातानं ना?"

तो काही बोलायच्या आत तिनं घाव घातला. हाडाचा तो आवाज मी धंद्यानं ओळखते. तो किंचाळला. तिनं पाय त्याच्या हातावरून काढून गळ्यावर ठेवला आणि घण पुन्हा वर नेला. आता तिची नजर त्याच्या डोक्यावर होती. तिला थांबवायची माझी हिंमत झाली नाही, कुणाचीच झाली नाही. गर्दीतून बाबा आला. त्यानं मागून घणाचा दांडा धरला.

"पुरे."

तिनं मागे वळून बघितलंच नाही. दांडा हिसडला आणि अंगातल्या सगळ्या जोरानं मागे फिरवला. बाबाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तो खाली बसला, पण दांडा सोडला नाही. तेव्हा तिनं पाहिलं कोण आहे ते.

बापलेक त्या राखाडी मातीत समोरासमोर बसले होते. दांडा दोघांच्या हातात. "मला मार हवं तर," बाबा म्हणाला. "मला कुणी बोलणार नाही. हा मेला तर तू संपलीस." मारकीनं हात सोडले. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. रडायची सवय नसलेल्या माणसासारखी, नुसती खोकत होती.

पोलीस आले. दवाखान्यात बाबाचा हात मी गळ्यात बांधत होते तेव्हा इन्स्पेक्टरनं विचारलं, "हे कुणी केलं?"

"घसरून पडलो."

"घसरून माणूस गळ्याच्या हाडावर पडतो?"

"माझी पडायची पद्धत तशीच आहे, साहेब."

दाढीवाल्याच्या हाताबद्दल मात्र मारकीनं लपवाछपवी केली नाही. विचारल्याबरोबर म्हणाली, "मी मोडला." तिच्या वकिलानं डोकं धरलं.

मला वाटलं होतं चष्मिस तरी तिची बाजू घेईल. ती जामिनावर असताना मी तिला घेऊन हॉस्पिटलात गेले. त्याच्या अर्ध्या तोंडावर पट्ट्या होत्या. ती खाटेशी जाऊन उभी राहिली. बोलायची वाट बघत होती, कदाचित शाबासकीची.

"तुला मी सांगितलं होतं त्याचा हात मोडायला?" तो म्हणाला.

"तुझा डोळा गेला!"

"माझा गेला. मी त्याचं काय करायचं ते ठरवलं असतं. त्या दिवशी सगळ्या वस्तीला दिसलं असतं ते कोण आहेत. आता काय दिसलं? दोन्हीकडचे सारखेच. शाळेनं आपलं काम बंद केलंय. पालिकेचा माणूस तपासणीला येणार होता, तो म्हणतो गुंडांच्या वस्तीत येत नाही."

"मग मी बघत बसायचं होतं?"

"तू माझा डोळा वाचवलास ना टाकीपाशी? ते तुझंच काम होतं. तिथं थांबली असतीस." मग त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. "जा आता. बोललं की दुखतं."

परतीच्या वाटेवर ती माझ्या पुढे चालत होती. पुलावर आल्यावर थांबून म्हणाली, "सिस्टर, हा बरोबर बोलला तर मला त्याला फेकून द्यावंसं का वाटतं?"

तिला शिक्षा झाली. दाढीवाल्यालाही झाली, तिच्यापेक्षा मोठी, कारण प्रदर्शनाला आलेल्या आया कोर्टात उभ्या राहिल्या. त्यात सगळ्यात आधी मारकीची आई, त्याच लांब बाह्यांत. मालकाच्या वकिलानं तिला दरडावलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या तरी आहात का?" ती म्हणाली, "नाही. पण मला दिसतं. दोन्ही डोळ्यांनी."

भट्टी लगेच बंद पडली नाही. चष्मिस बरा होऊन माडीवर परत आला, निम्मी पोरं सोडून गेलेली होती. उरलेल्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. शाळा आत घेईना, तर शाळेबाहेर फुटपाथवर शिकवलं. पोरांची रक्तं तपासून घेतली, पालिकेच्या दारात आयांना बसवलं, पुन्हा बसवलं. या काळात तिसऱ्या गल्लीतला एक लहानगा फीट येऊन गेला. त्याला पांढऱ्या चादरीत गुंडाळून त्याचा बाप, भट्टीवरचाच कामगार, पालिकेच्या पायऱ्यांवर जाऊन बसला आणि उठेना. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्या दिवशी दवाखान्यात बाक पुरले नाहीत, माणसं जमिनीवर झोपवली. त्यानंतर भट्टीला कुलूप लागलं. मालक सुटला. हमरस्त्यापलीकडच्या वस्तीत त्यानं दुसरी जागा घेतली.

आमच्या वस्तीतली वरची माती खरवडून नेली, चांगली माती पसरली. छकुली जगली. गोळ्यांवर आहे, फिट्स आटोक्यात आहेत, वाचायला अजून अडखळते, आणि चिडली की चावते. शिशानं बाबाचे पंजे मनगटातून लोंबतात. कप त्याला दोन्ही मनगटांत धरून प्यावा लागतो. आता त्याला मारता येत नाही. आई म्हणते, "हात गेले म्हणून थांबला की शहाणा झाला, मला काय ठाऊक. मी विचारत नाही."

मारकी सुटून आली ती वाळून काटकी झालेली, दाताच्या खिंडीतून शिट्टी वाजवत. माडीवर गेली. पोरं ताग्यांवर सरकून बसली. चष्मिसनं काचेचा डोळा बसवून घेतला होता. तो तिच्याकडे बघत राहिला, दोन्हींनी.

"हमरस्त्यापलीकडं कोण जातं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. दोनदा गेलो, हाकलून दिलं."

"मी जाते."

"तू तिथं एकाला जरी हात लावलास..."

"माहीत आहे रे. पुलावरून फेकून देईन तुला, पुन्हा सांगितलंस तर."

ती गेली, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे ओठ फाटून आली. एका डोळ्याची नुसती फट उरली होती. मालकाच्या नव्या माणसांनी बोळात गाठली होती.

मी सुई घेतली. "तू कितीजणांना लोळवलंस?"

"कुणालाच नाही." ओठ शिवत असताना ती अडखळत बोलली. "फार जिवावर आलं हो, सिस्टर. एकाचा जबडा अगदी असा समोर होता."

पुढच्या खेपेला मी तिच्याबरोबर गेले, पट्ट्यांची पेटी घेऊन. चष्मिसही आला. बोळात दोन्ही बाजूंना पत्र्याची दारं, आणि आम्हाला बघून ती पटापट लागत होती. दाराच्या फटीतून पोरं बघत होती. त्यांच्या चेहऱ्यांवर तो फिकटपणा मी लांबूनच ओळखला. एका दारात एक जाडजूड बाई कपडे धूत होती. मारकी तिच्यासमोर थांबली.

"ताई, तुमचे यजमान भट्टीवर कामाला आहेत ना? पाच मिनिटं बोलायचंय."

बाईनं वर बघितलं. "तुमच्यासारख्या भवान्यांमुळं माझ्या नवऱ्याची नोकरी जाणार. चालत्या व्हा."

"पोराला भूक लागत नाही ना तुमच्या? पोट धरून बसतो?"

बाई उठली. साबणाची अख्खी बादली उचलली आणि मारकीच्या अंगावर रिकामी केली. ते राखाडी पाणी तिच्या केसांतून, डोळ्यांतून, नव्या टाक्यांवरून निथळू लागलं. बादली पाठोपाठ छातीवर येऊन आदळली. चष्मिस एकदम पुढे सरकला, मारकीला धरायला. तिच्या मुठी आवळलेल्या मला दिसल्या, कानामागची शीर उडत होती.

तिनं डोळे पुसले. बादली उचलून दाराशी उपडी ठेवली.

"साबण डोळ्यात गेलाय, ताई," ती म्हणाली. "टॉवेल देता का?"

बाई गोंधळली. आमच्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, आणि पुटपुटत टॉवेल आणायला आत वळली. मारकी पाय झाडून तिच्या मागोमाग आत शिरली.